समोशाशेजारची पाटी आणि किटलीतला चहा

जुलै २०२५ मध्ये आठवडाभर आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर समोसा आणि जिलेबी फिरत होती. 'सिगारेटसारखा आता समोशावरही इशारा' अशा मथळ्यांच्या बातम्या आल्या. नागपूरच्या 'एम्स'चं नाव त्यात आलं. 'आमच्या समोशालाच का, पिझ्झा-बर्गरला का नाही?' असा वादही रंगला. दवाखान्यात एका आजोबांनी मला विचारलं, "डॉक्टर, आता वडापाववाल्यालाही लायसन लागणार का?" (अन्नसुरक्षेची नोंदणी त्याला आधीपासूनच लागते, पण ते असो.)

प्रत्यक्षात घडलं ते बरंच साधं होतं. २१ जून २०२५ रोजी केंद्रीय आरोग्य सचिवांनी सगळ्या मंत्रालयांना आणि विभागांना एक पत्र लिहिलं. कार्यालयांत, कँटीनमध्ये, सभागृहांत तेल आणि साखरेचं प्रमाण दाखवणारे फलक लावा, सरकारी लेटरहेडवर आणि पाकिटांवर आरोग्यसंदेश छापा, कँटीनमध्ये फळं, भाज्या आणि कमी तेलाचे पदार्थ ठेवा, जिन्याचा वापर वाढवा, असं त्यात सुचवलं होतं. समोशावर शिक्का मारा असं त्यात कुठेही नव्हतं. गोंधळ वाढल्यावर सरकारने खुलासा केला. फेरीवाल्यांच्या पदार्थांवर इशारा लावण्याचा कोणताही आदेश नाही, कोणत्या एका पदार्थाला लक्ष्य केलेलं नाही, हा केवळ एक 'बिहेवियरल नज' आहे, असं त्यात म्हटलं होतं.

समोशाच्या गदारोळात या दोन शब्दांकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. मला मात्र तेच महत्त्वाचे वाटतात. सरकारी खुलाशात वर्तनशास्त्राची भाषा यावी, ही काही वर्षांपूर्वी नवलाची गोष्ट ठरली असती. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ७६ व्या अधिवेशनात सदस्य देशांनी ठराव केला, की आरोग्यधोरणं आखताना वर्तनशास्त्राचा उपयोग करावा. आपल्याकडे २०१८-१९ च्या आर्थिक पाहणी अहवालात तर 'नज'वर एक अख्खं प्रकरण होतं. म्हणजे शास्त्र दारात आलं आहे. आत आल्यावर आपण त्याच्याकडून काय काम करून घेतो, हा आता प्रश्न आहे. आणि एवढं मोठं शास्त्र बोलावून त्याच्या हाती फक्त एक पाटी द्यायची, हे मला पटत नाही.

नज म्हणजे नेमकं काय?

नज म्हणजे कोपराने हळूच ढोसणं. मराठीत 'कोपरखळी' म्हटलं तर टोमणा असा अर्थ होतो, म्हणून 'नज'च ठेवू या. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि कायद्याचे अभ्यासक कॅस सनस्टीन यांनी २००८ मध्ये पुस्तक लिहून ही कल्पना लोकप्रिय केली. थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. कल्पना अशी, की माणूस दर वेळी हिशोब मांडून निर्णय घेत नाही. समोर जे ठेवलेलं असतं, जे न मागता मिळतं, जे बाकीचे करत असतात, तेच तो बहुतेक वेळा करतो. त्यामुळे काहीही बंद न करता आणि किंमतीत फारसा फरक न करता, फक्त पर्यायांची मांडणी बदलली तरी वागणं बदलू शकतं. त्या पुस्तकाची सुरुवातच शाळेच्या कँटीनपासून होते. मुलांच्या नजरेच्या उंचीवर काय ठेवायचं, रांगेत आधी काय आणि शेवटी काय, यावर मुलांच्या ताटात काय येतं हे बऱ्याच अंशी ठरतं.

म्हणजे नजच्या मूळ उदाहरणात पदार्थ हलवले होते. भिंतीवर माहिती लावणं हाही नजचा एक प्रकार मानतात, पण तो सर्वांत मवाळ. कारण त्यात जुनंच गृहीतक लपलेलं आहे: लोकांना ठाऊक नाही म्हणून ते खातात, ठाऊक झालं की थांबतील.

हे गृहीतक तपासून झालेलं आहे. न्यूयॉर्क शहराने २००८ मध्ये साखळी उपाहारगृहांना मेनूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी लिहिण्याची सक्ती केली. संशोधकांनी गरीब वस्त्यांतल्या फास्ट फूडच्या दुकानांबाहेर उभं राहून ग्राहकांच्या पावत्या गोळा केल्या, नियमाच्या आधी आणि नंतर. ज्यांनी आकडे पाहिले त्यांच्यातले सुमारे २८ टक्के लोक म्हणाले, की आमच्या निवडीवर त्याचा परिणाम झाला. पावत्यांमध्ये मात्र विकत घेतलेल्या कॅलरींत फरक दिसला नाही. पुढे असे अनेक अभ्यास झाले. जानेवारी २०२५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने २५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यातलं उत्तर असं: मेनूवर कॅलरी लिहिल्याने सरासरी १.८ टक्के घट होते. ६०० कॅलरींच्या जेवणात ११ कॅलरी, म्हणजे साधारण दोन बदाम.

दोन बदामही रोज, कोट्यवधी लोकांत, वर्षानुवर्षं मोजले तर अगदी शून्य नाहीत, हे मान्य. पण आपल्यासमोरचं ओझं केवढं आहे तेही पाहा. आरोग्य सचिवांच्या त्याच पत्रात 'लॅन्सेट'मधल्या अंदाजाचा उल्लेख आहे. भारतात २०२१ मध्ये जादा वजनाचे आणि लठ्ठ प्रौढ १८ कोटी होते, ते २०५० पर्यंत ४४.९ कोटी होऊ शकतात. आयसीएमआर-इंडियाब या २०२३ च्या अभ्यासाने देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक असल्याचा अंदाज दिला. यासाठी दोन बदाम पुरणारे नाहीत.

"माहिती सगळी आहे हो, डॉक्टर"

माझ्या एक रुग्ण आहेत. पन्नाशीच्या, सरकारी कार्यालयात नोकरी, रोजचा लोकलचा लांब प्रवास. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. एचबीए१सी ८.९. मी नेहमीचं व्याख्यान सुरू केलं: साखर कमी, तळलेलं कमी, वेळेवर खाणं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माहिती सगळी आहे हो, डॉक्टर. माझ्या सासूबाईंना डायबेटिस होता, दहा वर्षं त्यांचं पथ्य मीच सांभाळलं."

मग मी बोलायचं थांबवून विचारायला लागलो. पहाटे साडेचारला उठणं, दोन डबे, पावणेसहाची लोकल. नाश्ता नाही, कारण पोटात काही असलं की गर्दीत मळमळतं. ऑफिसात पोचल्यावर पहिला घास अकरा वाजता, कँटीनमध्ये. तिथे त्या वेळी वडा, समोसा आणि ब्रेडपकोडा एवढंच असतं, पोळी-भाजी एकनंतर. चहा दिवसातून चार वेळा. तो टेबलावर येतो. किटलीत. साखर आधीच घातलेला.

त्या किटलीपाशी मी अडखळलो. या बाईंना बिनसाखरेचा चहा हवा होता. निर्धार होता, ज्ञान तर माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त होतं. पण चहावाल्या मुलाने सांगितलं होतं, "एका माणसासाठी वेगळा नाही होत मॅडम." आणि नको म्हणावं, तर चारचौघांत चहा नाकारणं आपल्याकडे रुसल्यासारखं दिसतं. भिंतीवर साखरेचा फलक लागला तर ती किटली बदलणार आहे का?

वर्तनशास्त्रात एक सोपी चौकट वापरतात. लंडनच्या सुझन मिची आणि सहकाऱ्यांनी ती २०११ मध्ये मांडली. कोणतंही वागणं घडायला तीन गोष्टी लागतात: क्षमता, संधी आणि इच्छा. क्षमतेत माहिती आणि कौशल्य येतं. संधीत वेळ, पैसा, वस्तूची उपलब्धता आणि आजूबाजूच्या लोकांची रीत येते. उपाय ठरवण्याआधी यातलं नेमकं काय कमी आहे ते शोधायचं. तापाच्या रुग्णाला थेट गोळी न देता आधी तपासायचं, तसंच हे. माझ्या या रुग्णाकडे क्षमता होती, इच्छा होती, संधी नव्हती. मी मात्र पंधरा मिनिटं क्षमतेचं औषध देत बसलो होतो.

सरकारी पातळीवर हीच चूक फार महाग पडते, आणि ती आपल्याकडे उघडही झालेली आहे. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात १३४ गावांत लसीकरणाचा एक गाजलेला प्रयोग झाला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी तो २०१० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. नेहमीच्या व्यवस्थेतल्या गावांत १ ते ३ वर्षांची पूर्ण लसीकरण झालेली मुलं होती ६ टक्के. कुणीही म्हणेल, अज्ञान आहे, अंधश्रद्धा आहे, जनजागृती करा. संशोधकांनी काही गावांत काय केलं, तर ठरल्या दिवशी न चुकता लसीकरण शिबिर भरवलं. आकडा १८ टक्क्यांवर गेला. आणखी काही गावांत शिबिराबरोबर दर खेपेला एक किलो डाळ आणि लसीकरण पूर्ण झाल्यावर थाळ्यांचा संच दिला. आकडा ३९ टक्के. आईला लस नको होती असं नव्हतं. नर्सबाई येतील की नाही याची खात्री नसताना दिवसाची मजुरी बुडवून कोण जाणार? आणि लसीचा फायदा दिसत नाही, बाळाला आलेला ताप मात्र त्याच रात्री दिसतो. डाळीने आजच्या दिवसाचं पारडं थोडं जड केलं.

६१ टक्के मुलं तरीही राहिलीच, हेही लक्षात ठेवायला हवं. डाळ म्हणजे जादू नाही.

ज्या बदलासाठी कुणाला निर्धार करावा लागला नाही

तुमच्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या डब्याकडे पाहा. त्यात आयोडीन आहे. ते असावं असा निर्णय तुम्ही कधी घेतला? बहुतेकांनी घेतलेलाच नाही. राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला आणि टप्प्याटप्प्याने खाण्याच्या मिठात आयोडीन घालणं सक्तीचं झालं. आज देशातल्या ९० टक्क्यांहून अधिक घरांत आयोडीनयुक्त मीठ आहे. आयोडीनवर निबंध लिहा म्हटलं तर किती घरांना लिहिता येईल, कोण जाणे. लिहिता यायची गरजही नाही.

ट्रान्स फॅटचं तसंच. वनस्पती तूप आणि बेकरीच्या मार्गारिनमधली ही चरबी हृदयाला घातक. 'एफएसएसएआय'ने तेला-तुपातलं तिचं प्रमाण जानेवारी २०२१ पासून ३ टक्क्यांवर आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणण्याचा नियम केला. कोपऱ्यावरच्या बेकरीतला खारीवाला आणि त्याचं गिऱ्हाईक, दोघांनाही यातलं काही माहीत नसेल. नियम मात्र दोघांच्या वतीने काम करतो. (अंमलबजावणी सगळीकडे सारखी होते असा माझा दावा नाही.)

मिठाचं आणखी एक उदाहरण मला फार आवडतं. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर एक प्रयोग झाला. त्यांना आधी पक्षाघात होऊन गेला होता, किंवा साठीच्या पुढचं वय आणि उच्च रक्तदाब होता. निम्म्या खेड्यांत नेहमीच्या मिठाऐवजी सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असलेलं मीठ दिलं. 'अळणी खा' असं कुणाला सांगायची वेळ आली नाही. पाच वर्षांच्या आसपास पाठपुरावा केल्यावर त्या खेड्यांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळलं. हे २०२१ चं संशोधन. (इथे डॉक्टर म्हणून एक सूचना द्यायलाच हवी: मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधं चालू असतील, तर असं मीठ आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. पोटॅशियम वाढणं धोक्याचं असतं.)

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकतो. हे तर कायदे झाले, नियम झाले. यात वर्तनशास्त्र कुठे आलं? माझं उत्तर असं, की लोक कसे वागतात याचा प्रामाणिक अभ्यास केला तर तो बऱ्याचदा नियमाकडेच घेऊन जातो. निक चेटर आणि जॉर्ज लोवेनस्टीन हे दोघे नामवंत वर्तनशास्त्रज्ञ. पैकी चेटर ब्रिटिश सरकारच्या नज विभागाशीही जोडलेले होते. २०२२ मध्ये त्यांनी एक दीर्घ लेख लिहून जवळजवळ कबुलीच दिली. आमच्या शाखेने व्यक्तीला सुधारण्यावर भर दिला आणि व्यवस्था बदलण्याचा प्रश्न मागे पडला, असं त्यांचं म्हणणं. आणि ज्या उद्योगांना नियम नको असतात, त्यांना 'व्यक्तीची जबाबदारी' ही भाषा नेहमीच सोयीची वाटते. आपल्याच क्षेत्राबद्दल असं लिहायला धैर्य लागतं.

नजच्या ताकदीबद्दलही त्याच वर्षी एक हिशोब पुढे आला. विद्यापीठांतल्या छापील संशोधनात नजमुळे सरासरी ८.७ टक्के-बिंदूंचा फरक दिसत होता. अमेरिकेतल्या दोन मोठ्या नज विभागांनी प्रत्यक्ष सरकारी कामात केलेले सगळे प्रयोग तपासले, तेव्हा सरासरी फरक निघाला १.४. यशस्वी प्रयोग छापून येतात, फसलेले कपाटात राहतात. तफावतीचं मोठं कारण हेच.

भिंतीवरची पाटी आणि पाकिटावरचा शिक्का

मग इशारे कुचकामीच का? तसं नाही. इशारा कुठे आहे, कोणत्या क्षणी दिसतो आणि त्याच्या जोडीला आणखी काय आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

चिलीमध्ये जून २०१६ पासून एक कायदा लागू झाला. साखर, मीठ, संतृप्त चरबी किंवा कॅलरी ठरावीक मर्यादेपलीकडे असतील तर पाकिटाच्या पुढच्या बाजूला काळा अष्टकोनी शिक्का. पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. शिक्का असलेले पदार्थ शाळेत विकायचे नाहीत आणि त्यांच्या जाहिराती मुलांना उद्देशून करायच्या नाहीत, हेही त्याच कायद्यात. पहिल्या टप्प्यानंतर असा शिक्का लागू असलेल्या शीतपेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली. शिक्का वाचायला पोषणशास्त्र यावं लागत नाही, चाळिशीचा चष्माही लागत नाही; हात फडताळाकडे जातो त्याच क्षणी तो दिसतो. आणि शिक्का टाळायचा म्हणून अनेक कंपन्यांनी पदार्थांतली साखर कमी केली. शिक्का न पाहणाऱ्या माणसालाही त्याचा फायदा मिळाला.

तंबाखूवरून आपल्याला हे ठाऊक असायला हवं. एप्रिल २०१६ पासून आपल्याकडे पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्रमय इशारा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सिगारेट ओढणाऱ्यांपैकी सुमारे ६२ टक्के लोकांनी सांगितलं, की इशारा पाहून सोडण्याचा विचार मनात आला. तंबाखूचं एकूण सेवन २००९-१० मध्ये ३४.६ टक्के होतं, ते २८.६ टक्क्यांवर आलं. श्रेय एकट्या चित्राचं नाही. कर होते, सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी होती, जाहिरातींवर बंदी होती. हे सगळं एकमेकांना हात देत चालतं.

खाद्यपदार्थांच्या पाकिटांबाबत मात्र आपण अजून चर्चेतच आहोत. सप्टेंबर २०२२ मध्ये 'एफएसएसएआय'ने ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा आणला: अर्धा तारा ते पाच तारे. त्यावर अनेक सार्वजनिक आरोग्यतज्ज्ञांनी आक्षेप घेतला, आणि मलाही तो रास्त वाटतो. ताऱ्यांच्या हिशोबात भरपूर साखर असलेल्या पदार्थात थोडा सुकामेवा किंवा तंतू मिसळला की गुण वाढतात. शिवाय तारा हे शाबासकीचं चिन्ह आहे. दीड तारा पाहून मुलाला 'वाईट' असं वाटत नाही, 'दीड मिळाले' असं वाटतं. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं. जुलैत आणखी तीन महिन्यांची मुदत दिली गेली. म्हणजे ज्या आठवड्यात कार्यालयांतल्या फलकावरून देशभर चर्चा चालू होती, त्याच आठवड्यात पाकिटावरच्या इशाऱ्याची तारीख पुढे गेली. कुणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. पण फलकाला विरोधक नसतो, निधी लागत नाही, महिन्याभरात फोटोसह अहवाल जातो. पाकिटावरच्या शिक्क्याला बलाढ्य विरोधक असतात. सरकारी यंत्रणेसाठी सोपा रस्ता कोणता, हे सांगायला वर्तनशास्त्रज्ञ लागत नाही.

कराचंही तसंच. ब्रिटनने साखरेच्या प्रमाणानुसार शीतपेयांवर कर लावला. मार्च २०१६ मध्ये घोषणा आणि एप्रिल २०१८ पासून अंमल. १०० मिलीलिटरमध्ये ५ ग्रॅमच्या खाली साखर असेल तर कर नाही. मधल्या दोन वर्षांत अनेक कंपन्यांनी कृतीच बदलून टाकली. आपल्याकडे बुडबुड्यांच्या शीतपेयांवर सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के जीएसटी आणि वर १२ टक्के उपकर होता, म्हणजे कर ब्रिटनपेक्षा हलका नव्हता. पण तो साखर किती यावर ठरत नाही. बाटलीत ३२ ग्रॅम साखर असो की शून्य, कर तेवढाच. मग कंपनीने साखर का कमी करावी?

शाळेच्या फाटकाबाहेर

मे २०२५ मध्ये 'सीबीएसई'ने आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं. त्या परिपत्रकात म्हटलं होतं, की ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या रोजच्या कॅलरींपैकी १३ टक्के आणि ११ ते १८ वर्षांच्या मुलांच्या १५ टक्के साखरेतून येतात; हव्यात ५ टक्के. फलकांची कल्पना वाईट नाही. शाळेत ती कार्यालयापेक्षा जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं, कारण तिथे शिक्षक त्यावर बोलू शकतात आणि मुलं घरी जाऊन आईवडिलांना सुनावतात. चिलीतही लहान मुलांनीच आयांना शिक्क्याचे पदार्थ घेण्यापासून अडवल्याचं संशोधकांना दिसलं.

पण याच मुलांसाठी २०२० पासून एक नियमही आहे. जास्त चरबी, साखर आणि मिठाचे पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. आपल्या मुलाच्या शाळेबाहेर उभं राहून ५० मीटरवर नजर टाका. माझ्या घराजवळच्या शाळेबाहेर तीन दुकानं आहेत आणि तिन्हींच्या दारावर पाच-दहा रुपयांच्या वेफर्सच्या माळा लटकलेल्या असतात, दहा वर्षांच्या मुलाच्या नजरेच्या उंचीवर. नज कसा द्यायचा हे त्या कंपन्यांना कुणी शिकवायला नको.

फलकाचा आणखी एक दुष्परिणाम आम्ही डॉक्टर पाहतो. सगळीकडून 'तुम्हीच जबाबदार' असं ऐकलेला लठ्ठ रुग्ण दवाखान्यात यायचंच टाळतो. 'आधी पाच किलो कमी करतो, मग दाखवतो' म्हणत वर्ष जातं आणि तोवर रक्तदाब डोळ्यांपर्यंत पोचलेला असतो.

पत्रातलं दुसरं वाक्य

आरोग्य सचिवांच्या पत्रात फलकांइतकंच स्पष्टपणे कँटीनमधले पदार्थ बदलण्याबद्दलही लिहिलं आहे. बातम्यांत ते आलंच नाही. खरं वर्तनशास्त्र तिथे आहे. सरकारी कार्यालयाचं कँटीन ही फेरीवाल्याची गाडी नव्हे. तिथे काय मिळावं, किती वाजता मिळावं आणि कोणत्या दराने मिळावं हे कंत्राटात लिहिता येतं. अकरा वाजता पोहे, उपमा, उसळ मिळेल असं लिहिता येतं. कपाचा आकार लिहिता येतो. बैठकीत बिस्किटांऐवजी शेंगदाणे-फुटाणे ठेवता येतात. चहात साखर आधी घालायची नाही, वाटीत वेगळी द्यायची, हे एका ओळीत लिहिता येतं. ज्याला हवी तो दोन चमचे घालेल. कुणाच्या स्वातंत्र्यावर घाला येत नाही.

आणि फलक लावायचेच असतील तर ते एकदम सगळीकडे कशाला लावायचे? एका शहरातली चाळीस कार्यालयं घ्या. चिठ्ठ्या टाकून दहांत फक्त फलक लावा, दहांत फक्त कँटीन बदला, दहांत दोन्ही करा, दहा आहेत तशी ठेवा. कँटीनवाला महिन्याला किती तेल आणि किती साखर विकत घेतो याच्या पावत्या असतातच. त्या सहा महिने जपून ठेवल्या तर फलकाचा उपयोग होतो की नाही हे आपल्याला आपल्याच आकड्यांत कळेल, न्यूयॉर्कच्या नव्हे. त्याआधी पंधरा दिवस कुणीतरी त्या कँटीनमध्ये बसून पाहावं: कोण कधी येतं, उपाशी किती येतात, दोन वडे हे कुणासाठी चैन आहे आणि कुणासाठी दुपारचं जेवण. शिपाई, सफाई कामगार आणि रोजंदारीवरचे ड्रायव्हर यांच्यासाठी सर्वांत स्वस्त गरम अन्न कोणतं, हे विचारल्याशिवाय वडा हटवला, तर ते उपाशी राहतील किंवा रस्त्यापलीकडच्या गाडीवर जातील.

त्या बाईंचं पुढे काय झालं ते सांगतो. चहावाला मुलगा एकीसाठी वेगळा चहा आणायला तयार नव्हता, पण "पाच जण असाल तर आणतो" असं म्हणाला होता. त्यांनी मजल्यावरचे मधुमेही शोधले. अकरा निघाले. चौघांनी तोवर कुणाला सांगितलेलंच नव्हतं. आता त्या मजल्यावर दोन किटल्या येतात. रात्रीच त्या दोन भाकऱ्या आणि चटणी बांधून ठेवतात आणि गाडीतून उतरल्यावर ऑफिसात पोचून खातात. सहा महिन्यांनी एचबीए१सी ७.८ आलं. मी मधल्या काळात एक गोळीही वाढवली होती, त्यामुळे किटलीला नेमकं किती श्रेय द्यायचं ते मला सांगता येणार नाही. कँटीनमध्ये अकरा वाजता अजूनही वडा आणि समोसाच असतो. कंत्राटाची मुदत पुढच्या मार्चमध्ये संपते, आणि नवीन निविदेत काय लिहायचं याचा अर्ज त्यांनी आत्ताच देऊन ठेवला आहे.